सिनेगॉगचे संग्रहालय : वास्तू आणि वाणी

केरळमधील चेंदमंगलम येथील सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनागृह, 2006 मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले. जवळच्या परवूरचे सिनेगॉगही पुढे मुझिरिस वारसा प्रकल्पात त्याच वाटेने गेले. 1950 च्या दशकात बहुतेक यहुदी कुटुंबे इस्रायलला गेली आणि कालांतराने सामूहिक प्रार्थनेस लागणारे दहा पुरुषही येथे उरले नाहीत. वास्तू वाचली, ही गोष्ट लहान नव्हे. प्रश्न आहे तो वास्तूबरोबर काय वाचले, हा.

वास्तू पुष्कळ सांगते. चेंदमंगलमच्या प्रांगणातील, सारा बत इस्रायल या स्त्रीची 1269 ची हिब्रू समाधिशिला, किंवा केरळी सिनेगॉगांचे खास वैशिष्ट्य असलेले सज्जावरील दुसरे पठणपीठ, ही प्रत्यक्ष पाहण्याचीच गोष्ट. परवूर येथे मात्र तोरा ठेवण्याचा मूळ कोष नाही. तो इस्रायलला गेला, दिसते ती प्रतिकृती. स्त्रियांनी वह्यांतून जपलेली मल्याळम गीतेही त्यांच्याबरोबर गेली व 2005 मध्ये जेरुसलेमहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भिंती येथे, गाणी तेथे.

ही फारकत कोकणाने लक्षात घेण्याजोगी आहे. अलिबाग, रेवदंडा, पनवेल येथील सिनेगॉग अद्याप प्रार्थनास्थळेच आहेत. बेने इस्रायलांची संख्या मात्र फार घटली आहे. उद्या त्यांपैकी एखाद्याचे संग्रहालय झालेच, तर शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' ही ओळख फलकावर प्रथम येईल, यात शंका नाही. तेवढ्याने भागणार नाही. हा समाज सिनेगॉगला 'मशीद' म्हणत असे. मिठबावचा तो मिठबावकर, याच न्यायाने त्यांच्यात केहिमकर, दिवेकर, रोहेकर झाले. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हगादात, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीत, हिब्रूसोबत मराठी आहे आणि चित्रांतील स्त्रिया साड्या नेसलेल्या आहेत. त्याच शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनाच्या रूपात उभी राहिली. हिंदू हरिदासांची परंपरा यहुदी विषयासाठी इतक्या सहजतेने स्वीकारली गेल्याचे दुसरे उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

कीर्तनाची छापील प्रत काचपेटीत ठेवल्यास परवूरचीच पुनरावृत्ती होईल. चाली जाणणाऱ्या वृद्धांकडून, मग ते ठाण्यात असोत वा इस्रायलमधील लोद येथे, त्या ध्वनिमुद्रित करून घेण्याचे काम इमारतीच्या डागडुजीआधीचे आहे. त्यासाठी सिनेगॉग बंद पडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.