पुढच्या तिमाहीची कुंडली

जळगाव जिल्ह्यातले अमळनेर हे बोरी नदीकाठचे तालुक्याचे गाव. साने गुरुजींनी जेथे शिकवले ते प्रताप हायस्कूल येथलेच. या गावातल्या कितीतरी घरांत वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या मध्यास, पाऊस, कापूस आणि परीक्षा हे तिन्ही विषय मागे पडतात आणि बंगळूरहून होणाऱ्या एका घोषणेची वाट पाहिली जाते. ही घोषणा म्हणजे विप्रो कंपनीचे तिमाही निकाल.

कारण जुने आहे. महंमद हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने कंपनी काढली आणि तिचा कारखाना अमळनेरला घातला. तेथे वनस्पती तूप होई आणि तेलापासूनच ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबणही निघे. कंपनीचे शेअर गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी आणि कामगारांनी घेतले. तीच कंपनी पुढे संगणकाच्या व्यवसायात शिरली, १९७७ मध्ये विप्रो प्रॉडक्ट्स आणि १९८२ मध्ये नुसती विप्रो झाली. ज्यांनी कागद ट्रंकेत तसेच ठेवले त्यांच्या नातवंडांना आज लाभांश मिळतो. वर्तमानपत्रांनी अमळनेरला कोट्यधीशांचे गाव म्हणून टाकले ते यामुळेच.

आमची तक्रार कंपनीबद्दल नाही आणि शेअर बाळगणाऱ्यांबद्दलही नाही. ती घोषणेच्या आधीच्या आठवड्यात छापल्या आणि बोलल्या जाणाऱ्या मजकुराबद्दल आहे. ‘बोनस शेअर मिळणार?’, ‘अध्यक्ष मोठी घोषणा करण्याच्या तयारीत?’, ‘जाणकार सूत्रांच्या मते नेतृत्वबदलाची शक्यता.’ या वाक्यांची रचना जरा निरखून पाहा. पहिल्या दोहोंत प्रश्नचिन्ह आहे, तिसऱ्यात ‘शक्यता’ आहे. घोषणा तशीच झाली तर ‘आम्ही म्हटलेच होते’ असे सांगता येते आणि झाली नाही तर ‘आम्ही फक्त विचारले होते’ असे. दोन्हीकडून सुटका असलेले असे वाक्य कधीच चुकत नाही. आणि जे वाक्य चुकूच शकत नाही त्यात माहिती किती असते, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाने विचारायचा नाही तर कोणी?

भाकीत म्हणजे काय हे आपण वर्गात ग्रहणावरून शिकवतो. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. इजिप्त, अरबस्तानात ते खग्रास दिसेल आणि आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. पंचांगातही त्याची वेळ मिनिटांपर्यंत दिलेली सापडेल. त्या वेळी ढग नसले तर सातवीतली मुलगीसुद्धा ते तपासू शकेल. ठरलेली वेळ टळली तर गणित चुकले असे म्हणावेच लागेल. तिथे ‘जाणकार सूत्रांच्या मते’ चालत नाही.

मग विप्रोबाबत ऑक्टोबर २०२४ मध्ये काय झाले ते पाहू. १६ आणि १७ तारखेला संचालक मंडळाची बैठक होती. बोनस मिळणार अशी चर्चा सुरू झाली आणि बोनस जाहीरही झाला, एकास एक. भाकीत खरे ठरले म्हणायचे का? मुळीच नाही. कारण बोनसचा विचार या बैठकीत होणार हे कंपनीनेच काही दिवस आधी शेअरबाजाराला लेखी कळवले होते. अशा प्रस्तावाची पूर्वसूचना देण्याचा नियमच आहे. म्हणजे ज्याला चर्चा म्हटले गेले ती सूचनाफलकाची नक्कल होती. शाळेच्या फलकावर ‘सोमवारी सहल ठरवण्यासाठी बैठक’ असे लिहिले असताना ‘सहल निघणार असे आतल्या गोटातून कळते’ असे म्हणावे, तसेच हे.

आणि फलकावर नसते तेव्हा? तेव्हा ज्यांना ठाऊक असते त्यांना बोलण्याची मुभाच नसते. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास उलटेपर्यंत कंपनीतल्या जाणत्या लोकांना त्या शेअरची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि आतली गोष्ट बाहेर फोडणे हा सेबीच्या नियमांनुसार गुन्हा ठरतो. तेव्हा ‘आतून कळले’ असे कोणी सांगू लागला, तर एकतर त्याला काही कळलेले नाही किंवा कोणीतरी कायदा मोडला आहे. चहाच्या टपरीवर ऐकलेली बातमी बहुधा पहिल्या जातीची असते.

बोनसबद्दलचा गैरसमज तर शिक्षकांच्या खोलीतही आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. अशाच एका बोनसच्या बातमीवर आमच्यातल्या एका सहकाऱ्याने भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे गुंतवले. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ती रक्कम ‘दुप्पट होणार’ असे त्यांना कोणी सांगितले होते. ठरल्या दिवशी सकाळी त्यांनी खाते उघडले तर रक्कम निम्मी! चेहरा पांढराफटक पडला. घडले होते इतकेच, की भाव त्या दिवशी निम्मा झाला आणि नवे शेअर खात्यात यायला काही दिवस लागणार होते. ते आले तेव्हा रक्कम जिथल्या तिथे होती. दुप्पट नाही आणि निम्मीही नाही. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून दोन भाकरी होत नाहीत हे पाचवीला अपूर्णांक शिकवताना आपणच सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये विप्रोचा भाव सुमारे ५८० रुपयांवरून २९० च्या आसपास आला तो या भागाकारानेच.

याच बोनसचे एक गणित मुलांना जरूर घालावे. २००४ च्या बोनसपूर्वी कोणाजवळ ३०० शेअर होते असे धरू. २००४ मध्ये एकास दोन मिळाले, ९०० झाले. २००५ मध्ये एकास एक, १८००. २०१० मध्ये तिनास दोन, ३०००. २०१७ मध्ये एकास एक, ६०००. २०१९ मध्ये तिनास एक, ८०००. २०२४ मध्ये एकास एक, १६,०००. मुले चकित होतात. मग विचारावे की यात भाकरी किती वेळा मोठी झाली आणि तुकडे किती वेळा पडले? उत्तर या आकड्यांत नाहीच. ते कंपनीच्या नफ्यात आहे, आणि नफ्याचा आकडा बोनसच्या घोषणेत नसतो.

अमळनेरची गोष्ट सांगताना आणखी एक गफलत होते. आपण फक्त फळलेले झाड मोजतो. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे रान उभे आहे, त्यातल्या अनेक सुझलॉन कंपनीच्या. हेही नवे तंत्रज्ञान, हेही खानदेशच्या मातीत उभे. या कंपनीचे शेअर २००५ मध्ये बाजारात आले, जानेवारी २००८ मध्ये शिखरावर पोचले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरचे रोखे तिला वेळेवर फेडता आले नाहीत आणि मार्च २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास होता. पुढे कंपनी सावरली. पण ज्याने २००८ मध्ये घेतले आणि २०२० मध्ये कंटाळून विकले, त्याची गोष्ट कोणी छापत नाही. ‘ट्रंकेत ठेवा आणि विसरा’ हा उपदेश अमळनेरात ट्रंक उघडणाऱ्यांकडून आला आहे. इतर गावांतल्या ट्रंकांत काय निघाले याची मोजदाद कोणी केली?

आणि अमळनेरचे फळ कोणाला आधी दिसले होते? ऑगस्ट १९६६ मध्ये हाशम प्रेमजी वारले आणि अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून परतले. वय २१. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उठून त्यांना सुनावले, की हा कारभार तुम्हांला झेपणार नाही, शेअर अनुभवी माणसांना विकून टाका. प्रेमजींच्या चरित्रात ही हकीकत नेहमी येते. आम्हांला त्या भागधारकाचे एका बाबतीत कौतुक वाटते. त्याने प्रश्नचिन्ह लावले नाही. त्याचे भाकीत स्वच्छ होते, म्हणूनच ते स्वच्छ चुकले.

चूक ठरू शकेल असे भाकीत करणारे तंत्रज्ञही आहेत. गॉर्डन मूर हे फेअरचाइल्ड कंपनीत संशोधनाचे प्रमुख असताना एप्रिल १९६५ मध्ये त्यांनी लिहिले, की एका चकतीवर बसवता येणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल आणि १९७५ पर्यंत ती ६५,००० होईल. संख्या दिली, साल दिले. १९७५ उजाडल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले आणि यापुढे दुपटीला दोन वर्षे लागतील अशी दुरुस्तीही केली. मूरचा नियम म्हणून आपण जो शिकवतो त्यातली ही दुरुस्ती पुस्तकात एका ओळीत उरकली जाते. खरे तर तोच धड्याचा गाभा आहे.

मात्र ग्रहणाची आणि बाजाराची तुलना एका जागी तुटते, तीही सांगायला हवी. ग्रहणाची वेळ जाहीर केल्याने चंद्र थबकत नाही. कंपनीची घोषणा मात्र, नुसती होणार अशी कुजबुज झाली तरी, जगात बदल घडवते. याचे गाजलेले उदाहरण अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे. बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलेल्या या गृहस्थांनी १९८१ मध्ये उचलून नेता येईल असा, सुमारे अकरा किलोचा, संगणक बाजारात आणला. तो धडाक्याने खपला. १९८३ मध्ये त्यांनी याहून सरस नमुना येत असल्याचे आधीच सांगून टाकले. ग्राहक थांबले, दुकानदारांनी मागण्या रद्द केल्या आणि सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले. ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गांत फार आवडीने सांगितली जाते. परंतु त्याच काळात प्रतिस्पर्धी कंपन्यांचे चांगले संगणक आले होते आणि हिशेबातही गोंधळ होता, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. घोषणेनंतर दिवाळे निघाले म्हणून घोषणेमुळे निघाले असे ठरत नाही. तरीही एवढे खरे, की बाजारातले भाकीत हे त्याच बाजारातले एक वजन असते. बोनसची कुजबुज ऐकून चार माणसे शेअर घेतात, भाव चढतो आणि चढलेला भाव पाहून कुजबूज खरी वाटते.

‘पण अमुक गृहस्थांचे अंदाज नेहमी बरोबर येतात’, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी पोस्टकार्डांचा जुना हिशेब आहे. १०२४ घरी पत्रे धाडा. निम्म्यांत लिहा ‘निकालानंतर भाव चढेल’, निम्म्यांत ‘उतरेल’. पुढच्या तिमाहीला फक्त बरोबर ठरलेल्या ५१२ घरी लिहा, पुन्हा निम्मे-निम्मे. मग २५६, मग १२८. दहा तिमाहींनंतर, म्हणजे अडीच वर्षांनी, एक घर असे उरेल की जिथे तुमची दहाच्या दहा पत्रे खरी ठरली आहेत. त्या घरात तुमचा फोटो लागेल! उरलेल्या १०२३ घरांना तुम्ही आठवणारही नाही. गाव मोठे असले आणि अंदाज सांगणारे भरपूर असले, की पत्रे न धाडताही असे एखादे ‘नेहमी बरोबर’ गृहस्थ आपोआप तयार होतात.

मग कंपनीच्या अधिकाऱ्यांची भाकिते सगळीच टाकाऊ का? नाही. विप्रो निकालाबरोबर पुढच्या तिमाहीतील माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या उत्पन्नाचा अंदाज देते आणि तो एका पट्ट्यात देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले होते, की डॉलरच्या भावातले चढउतार वगळता उत्पन्न २ टक्क्यांनी घटेल ते जेमतेम आहे तेवढेच राहील. जानेवारी २०२५ मध्ये आकडा आला तेव्हा उत्पन्न ०.१ टक्क्याने वाढलेले निघाले. पट्ट्याच्या किंचित बाहेर. हा अंदाज सावध होता, अतिसावध होता असेही म्हणता येईल. पण त्याला गुण देता आले. ‘मोठी घोषणा होणार?’ याला दहापैकी किती गुण देणार?

नववी-दहावीच्या वर्गात पुढच्या निकालाआधी एक वही घालावी असे आम्ही सुचवतो. कंपनी कोणतीही चालेल. जळगावची ठिबक सिंचनाची कंपनी घ्या, नाहीतर अमळनेरात जन्मलेली ही. मुलांनी वर्तमानपत्रांतले अंदाज तारखेसह उतरवावेत आणि चार रकाने पाडावेत: कोणी म्हटले, नेमके काय म्हटले, कधीपर्यंत, आणि काय घडले तर हे चुकले असे मानायचे. पैसे कोणी लावायचे नाहीत, पेन्सिलही वापरायची नाही. शाईनेच लिहायचे. पहिले तीन रकाने मुले भराभर भरतील. चौथ्यापाशी हात थांबतील आणि बऱ्याच ओळींत तो रकाना कोराच राहील. तो कोराच ठेवायला सांगावे, आणि निकाल लागल्यावर त्या दिवशी वही पुन्हा उघडावी.