हातभट्टीचं भाषांतर

'आर्टिसनल' हा शब्द मराठीत आणून बघा. हातानं, लहान भट्टीवर, थोडी थोडी गाळलेली दारू. यासाठी आपल्याकडे आधीपासून एक शब्द आहे: हातभट्टी. तरी मेक्सिकोतल्या आर्टिसनल मेस्कालबद्दल मराठीत लिहिणारा माणूस हा शब्द टाळतो. का टाळतो, हे उघड आहे. 'हातभट्टी' म्हटलं की पोलिसांची धाड आठवते, 'आर्टिसनल' म्हटलं की किंमत.

मेस्काल निघते ती आमच्या कोडोलीकडे बांधावर दिसणाऱ्या घायपातीच्या भावकीतून. पानं छाटली की मध्ये अननसासारखा गड्डा उरतो. खड्ड्यात दगड तापवून त्यावर हे गड्डे मातीखाली काही दिवस भाजतात. हुरड्याची आगटी आठवा, फक्त खूप मोठी. त्या उष्णतेनं गड्ड्यातल्या इन्युलिनची साखर होते. मग कुटणं, आंबवणं, गाळणं. तिथल्या 2016च्या नियमावलीत मेस्कालचे तीन वर्ग आहेत: साधी, आर्टिसनल आणि 'वडिलोपार्जित'. वडिलोपार्जित म्हणवून घ्यायचं तर मातीच्या भांड्यातच गाळावी लागते.

चांगल्या मेस्कालचं लेबल मला मजकूर म्हणून आवडतं. त्यावर झाडाची जात असते, गाव असतं, बऱ्याचदा गाळणाऱ्याचं नावही असतं. आपल्याकडच्या किती वस्तूंवर कारागिराचं नाव छापतात?

खटकतो तो 'जंगली' हा शब्द. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. गड्ड्यात साखर टिकावी म्हणून ते फुलण्याआधीच तोडतात, म्हणजे बी धरायचंच राहतं. तोबाला नावाची डोंगरी जात तर मुख्यतः बियांवरच वाढते. 'जंगली' लिहिलेली बाटली जितकी खपेल तितकं जंगल कमी होणार, आणि लेबल त्याबद्दल गप्प असतं.

आता दख्खनच्या अगेवपासूनही दारू गाळतात. डेस्मंड नाझरेथ यांनी आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात ते करून दाखवलं. पण पुढच्या जाहिरातींत 'दख्खनची जंगली अगेव' असे शब्द आले की मी थबकतो. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. इथं ती कुंपण म्हणून लोकांनी लावली. तिची पानं सडवून वाख काढला, दोरखंड वळले, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजानं केलं. केकताड, वाख, चऱ्हाट हे शब्द त्या कामाचे आहेत. 'जंगली' म्हटलं की बांधही जातो आणि ते हातही जातात.

हातभट्टीला निर्दोष ठरवायचं नाही मला. 2015 साली मालवणीत मिथेनॉलच्या दारूनं शंभरावर माणसं मेली. पण मिथेनॉल कारखान्यातलं रसायन आहे, ते काही कुणाच्या आजीच्या मडक्यातून आलेलं नव्हतं. मोहाची फुलं वेचण्यावर ठाणे-कुलाब्यात इंग्रजांनी 1892 साली कायदा केला, तेव्हा तर विषाचा प्रश्नही नव्हता. प्रश्न अबकारी महसुलाचा होता. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या.

गोव्यानं तसं होऊ दिलं नाही. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते 'फेणी' याच नावानं. दख्खनच्या अगेवच्या बाटलीवर 'घायपात' हा शब्द मी अजून शोधतोय.