खापरखेड्यात नोनाका वाचताना
(खापरखेडा येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचं पुस्तक जपानी कंपन्यांबद्दल आहे. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांचं 'द नॉलेज-क्रिएटिंग कंपनी', १९९५ सालचं. कंपनीत नवं काही घडायचं असेल तर ज्ञान वाटून घ्या, असं आपण प्रत्येक प्रशिक्षणात ऐकतो. त्या सांगण्याला या पुस्तकाने मोठं बळ दिलं. गंमत म्हणजे पुस्तकाचा भर संगणकावर नाहीच, माणसांच्या सहवासावर आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ज्ञान दोन प्रकारचं. एक कागदावर उतरतं: नकाशा, आकडा, नियम. दुसरं हातात, कानात, नजरेत असतं आणि ज्याच्याकडे असतं त्यालाही ते धड सांगता येत नाही. हा भेद मायकेल पोलान्यी यांचा. नोनाकांनी पुढचा प्रश्न विचारला: हे दुसरं ज्ञान कंपनीच्या उपयोगाला कसं यावं?

त्यांचं गाजलेलं उदाहरण बघा. १९८० च्या दशकात मात्सुशिता कंपनी घरगुती पाव करण्याचं यंत्र बनवत होती. पीठ काही केल्या नीट मळलं जाईना. तेव्हा इकुको तानाका नावाची सॉफ्टवेअर तयार करणारी बाई ओसाकाच्या एका हॉटेलातल्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेली. तो पीठ ओढताना त्याला पीळ देतो, हे तिच्या लक्षात आलं. मग यंत्राच्या आतल्या बाजूला उंचवटे बसवले आणि पाव जमला. कणीक तिंबणाऱ्या कुठल्याही घरात ही गोष्ट लगेच पटेल. किती पाणी, हे हाताला कळतं.

इथपर्यंत पुस्तक उत्तम आहे. माझी हरकत पुढे आहे. त्या पाववाल्याला काय मिळालं, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही.

हा प्रश्न खापरखेड्यात का विचारायचा? आपल्या वीजकेंद्रात २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० चा एक, म्हणजे १३४० मेगावॅट. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तापमान, दाब, प्रवाह सगळं दिसतं आणि नोंदलं जातं. महानिर्मितीत सॅप आहे. देखभालीचं काम, सुटे भाग, खरेदी यांचा हिशेब अशा प्रणालीत राहतो. माहितीची कमतरता नाही. पण पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये चिकटतो तेव्हा नेमका कुठे ठोकायचा, मिलचा आवाज जड झाला म्हणजे काय समजायचं, बेअरिंगला दांडी टेकवून कान लावला की काय ऐकू येतं, हे कुठल्या रकान्यात भरणार? आकडा सांगतो की काय झालं. बिघाड व्हायच्या आधी कुणाला शंका आली होती, ते आकड्यात नसतं.

आणि ही शंका येणारा माणूस पुष्कळदा कंत्राटी असतो. नोनाकांनी पाहिलेल्या मोठ्या जपानी कंपन्यांत नोकरी बहुधा आयुष्यभराची होती. तिथे सांगितलेली गोष्ट फिरून आपल्याच उपयोगी पडेल, असा भरवसा होता. कंत्राटावरच्या माणसाने का सांगावं? पुढच्या निविदेत ठेकेदार बदलला तर आपण राहू की नाही, हे त्याला माहीत नाही. उलट आपल्याला जे येतं ते दुसऱ्याला सांगून टाकलं, तर आपली गरजच संपेल अशी भीती. ही भीती अगदी शहाणपणाची आहे, मंडळी. तिला आळस किंवा आडमुठेपणा म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही.

आता कुणी म्हणेल, कंपनीने माणसांवर अवलंबून राहू नये, सगळं लिहून घ्यावं. बरोबर आहे, लिहून घेतलंच पाहिजे. पण कसं? झेरॉक्स कंपनीचा अनुभव इथे उपयोगी आहे. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने तिथल्या दुरुस्ती कामगारांचा अभ्यास केला. छापील पुस्तिका अडली की हे लोक एकमेकांना किस्से सांगून मार्ग काढायचे. पुढे १९९० च्या दशकात 'युरेका' नावाची संगणकीय सोय आली. कामगाराने युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी तपासायची आणि मग ती सगळ्यांसाठी खुली करायची. मुख्य म्हणजे युक्तीबरोबर ती देणाऱ्याचं नाव राहायचं. पैशांच्या बक्षिसापेक्षा आपल्या माणसांतला हा मान कामगारांना मोलाचा वाटला. संगणक तोच, पण त्यात शिरणारं ज्ञान कुणाचं, हे ठरलेलं होतं.

म्हणून माझं मत असं: नोनाका-ताकेउची जरूर वाचा, पण त्यांनी गृहीत धरलेली नोकरीची शाश्वती आपल्याकडे आहे असं समजून वाचू नका. पाळी बदलताना पंधरा मिनिटं जास्त द्या आणि त्यांचा पगार द्या. बिघाडाच्या नोंदीत 'पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं' असा रकाना ठेवा. त्यात कंत्राटी कामगाराचंही नाव येऊ द्या. ठेकेदार बदलला तरी अनुभवी माणूस कामावर राहील, अशी अट निविदेत घाला.

खर्च येईल, मान्य. पण बॉयलरची एक नळी फुटली की संच बंद ठेवावा लागतो, आणि तिथे जवळ माणसं काम करत असतात. आवाज बदललाय हे ओळखणारा माणूस तेव्हा गप्प बसला होता का, आणि का बसला होता, हे सॅपमध्ये सापडणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. प्लँटमधले कुणी असतील तर त्यांनी आधी बोलावं.