पेशवे दप्तर : आतून केलेली निवड

कामणच्या डोंगराळ टापूत वसई मोहिमेचा (1737–39) माग काढणाऱ्या अभ्यासकास 'पेशवे दप्तरा'च्या निवडीतील सोळावा विभाग टाळता येत नाही. छावणीची ती पत्रे एके काळी गुप्तच होती. पण त्यांहून चिवट ठरली ती इंग्रज सरकारची गुप्तता. पुण्याचे हे दप्तर त्याने संशोधकांस दीर्घकाळ बंद ठेवले होते. यदुनाथ सरकारांच्या पाठिंब्याने गोविंद सखाराम सरदेसाई सरकारचेच संपादक होऊन आत गेले, आणि 1930 ते 1934 या काळात 45 विभाग बाहेर आले. बाहेर राहून निषेध करणे अधिक मानाचे झाले असते खरे. त्या मानाने एकही रुमाल सुटला नसता.

येथवर सरदेसायांचा पक्ष बिनतोड आहे. उणीव पुढची. काय छापावे हे आतल्याने ठरवायचे. काय वगळले हे मात्र बाहेरच्यास पडताळता यायचे नाही. पोर्तुगीज मुलखात गुप्त संधान बांधणाऱ्या गंगाजी नाईक अंजूरकरांविषयी त्यात जेवढे आले तेवढेच दप्तरात होते, की तेवढेच संपादकास महत्त्वाचे वाटले, हे तत्कालीन वाचकाने कशावरून ओळखावे? आज ते रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात पाहता येतात. कामणच्या अभ्यासकाने छापील विभागापाशी थांबण्याचे कारण उरलेले नाही.