पिवळ्या कागदाआडची आई

आईपणाचा गौरव करणारे साहित्य उदंड आहे. बाळ मांडीवर असताना आईच्या मनात दाटणाऱ्या अंधाराविषयी बोलणारे साहित्य त्या मानाने थोडे. या थोड्यांत शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची 'द यलो वॉलपेपर' ही कथा अग्रभागी ठेवावी लागेल. ती जानेवारी १८९२ मध्ये 'न्यू इंग्लंड मॅगझीन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी ती वाचावी असे आम्हांला वाटते. त्याची कारणे येथे मांडतो.

कथानक थोडके आहे. नुकतीच आई झालेली एक स्त्री उन्हाळ्यापुरत्या भाड्याने घेतलेल्या जुन्या वाड्यात विश्रांतीसाठी येते. पती जॉन डॉक्टर, भाऊही डॉक्टर. दोघांचे निदान एकच: काळजीचे काही नाही, मज्जातंतू जरा दुर्बळ झाले आहेत. तिला खालची, अंगणाकडे उघडणारी खोली हवी असते. पती वरच्या मजल्यावरची निवडतो. त्या खोलीच्या खिडक्यांना गज आहेत, पलंग जमिनीला ठोकलेला आहे आणि भिंतींवर उबग आणणाऱ्या पिवळ्या नक्षीचा कागद चिकटवलेला आहे. लिहिण्यास मनाई असल्याने ती चोरून टिपणे करते. ती टिपणे म्हणजेच ही कथा. हळूहळू तिला नक्षीमागे वाकून सरपटणारी एक स्त्री दिसू लागते. अखेरच्या दिवशी ती दार लावून घेते, किल्ली खिडकीतून खाली टाकते आणि कागद ओरबाडून काढते. किल्ली शोधून आत आलेला जॉन तिला पाहून मूर्च्छित पडतो. ती त्याच्या देहावरून सरपटत फेऱ्या घालीत राहते.

ही कथा पुष्कळांनी भयकथा म्हणून वाचली. १९७३ साली फेमिनिस्ट प्रेसने ती पुन्हा छापल्यानंतर स्त्रीस्वातंत्र्याची कथा म्हणून तिचा अभ्यास होऊ लागला. दोन्ही वाचने आम्हांला मान्य आहेत. परंतु दोहोंत बाळाचा विसर पडण्याचा संभव असतो. बाळाचा उल्लेख मोजक्याच ठिकाणी येतो. मेरी नावाची बाई त्याला सांभाळते. बाळ गोड आहे, पण त्याच्याजवळ थांबले की जीव घाबरा होतो, असे निवेदिका सांगते आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळते. पुढे एकदा, निदान बाळाला तरी या खोलीत राहावे लागत नाही, याचे तिला समाधान वाटते. ही आई निष्ठुर नाही. बाळावर माया आहे आणि त्याच्याजवळ थांबवत नाही, ही दोन्ही सत्ये एकाच मनात नांदत आहेत. ती बोलून दाखवण्यास घरात जागा नाही, म्हणून ती भिंतीवर उमटतात. कथेचे मर्म आम्हांला येथे दिसते.

जॉनला खलनायक न करण्यात लेखिकेचा विवेक दिसतो. तो पत्नीला उचलून वर नेतो, वाचून दाखवतो, लाडाने बोलतो. मात्र शरीर कदाचित सुधारले असेल, असे म्हणून ती मनाविषयी बोलू पाहते, तेव्हा त्याची जरबेची नजर तिला गप्प करते. प्रेम आहे, पण ऐकणे नाही. प्रेम खरे असल्यामुळेच तिला तक्रार करता येत नाही.

जॉनला श्रद्धेचे वावडे आहे, असे निवेदिका प्रारंभीच सांगते. श्रद्धावान वाचकाने त्यामुळे निर्धास्त राहू नये. 'देवाने लेकरू दिले, आता रडतेस कशाला? प्रार्थना कर,' हे बोलही जॉनच्या नजरेचेच काम करू शकतात. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात निपुत्रिक हन्ना मंदिरात मूकपणे विलाप करीत असता एली याजक तिला मद्यधुंद समजतो. देवाच्या सेवकालाही स्त्रीचे दुःख ओळखता आले नाही. परंतु ती बोलली तेव्हा एलीने ऐकले आणि तिला आशीर्वाद दिला. जॉनला हे शेवटपर्यंत जमत नाही.

या कथेमागे स्वानुभव आहे. १८८५ साली मुलगी झाल्यानंतर गिलमन तीव्र नैराश्याने ग्रासल्या. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाचे ख्यातनाम डॉ. वेअर मिचेल यांनी त्यांच्यावर 'विश्रांती-उपचार' केला: अंथरुणास खिळून राहणे, भरपूर आहार, अंग चोळणे आणि एकांत. घरी परतताना लेखणीला हात न लावण्याची आज्ञा मिळाली. ती काही महिने पाळल्यावर आपण बुद्धिभ्रंशाच्या सीमेपर्यंत गेलो, असे त्यांनी १९१३ च्या एका लेखात नमूद केले.

कथेला मर्यादाही आहेत. ती वाचून विश्रांतीच घातक, असा ग्रह होण्याचा संभव आहे. आपल्याकडचा सव्वा महिना, माहेरची माणसे, तेलाचे मालीश, डिंकाचे लाडू यांनी अनेक बाळंतिणींना सावरले आहे. दोष विश्रांतीत नाही, विश्रांतीच्या नावाखाली लादलेल्या मौनात आहे. शिवाय बाळ सांभाळणारी मेरी कथेत मुकीच राहते. जिला विसाव्यास खोलीच नाही, अशा गरीब आईचे दुःख या वाड्याच्या कक्षेबाहेर उरते.

ते दुःख आपल्या शेजारीच आहे. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयातील मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरांतील सुमारे २३ जणींना नैराश्य होते. आर्थिक ओढाताण, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे यांमुळे धोका वाढत असल्याचे आढळले. यांतील शेवटच्या कारणाने तरी आपल्या समाजाने अंतर्मुख व्हावे.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांतील रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी, धास्ती, बाळ झोपले तरी झोप न लागणे टिकून राहिले, तर तो आजार आहे; ते पाप नव्हे आणि श्रद्धेची उणीवही नव्हे. समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधाने तो बरा होतो. निवेदिकेप्रमाणे इतरांना न दिसणारे दिसू लागले, किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

साहित्याने औषध द्यावे अशी अपेक्षा नसते. पाहण्याची दृष्टी द्यावी, एवढीच असते. ती ही कथा देते. स्नानसंस्काराच्या दिवशी आपण सारे पाळण्याभोवती जमतो, बाळाचे नाक कोणावर गेले याची चर्चा करतो. ही कथा वाचलेला पाहुणा घटकाभर आईजवळही बसेल, 'तू कशी आहेस?' असे विचारील आणि उत्तर पुरे होईपर्यंत उठणार नाही, अशी आम्हांला आशा आहे.