एका रेणूची अनेक वजने

मानवी इन्शुलिनचे रेणुसूत्र ठरलेले आहे: 257 कार्बन, 383 हायड्रोजन, 65 नायट्रोजन, 77 ऑक्सिजन आणि 6 गंधक. सूत्र एक, तर वजनही एकच असावे, अशी आपली साधी अपेक्षा. पण उच्च विभेदनक्षमतेच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये हे प्रथिन घातले की एका रेघेऐवजी शिखरांची रांग उमटते. डावीकडे बुटके शिखर, मग चढ, मधे दोन जवळजवळ समान उंचीची शिखरे आणि उजवीकडे लांबत जाणारा उतार. घाईतला वाचक यातला एक आकडा उचलतो आणि पुढे जातो. ही आकृती मात्र सावकाश वाचण्यासारखी आहे.

वाचन उंचीपासून नव्हे, अंतरापासून सुरू करावे. 1161.74 च्या आसपास सुरू होणाऱ्या रांगेत शेजारच्या दोन शिखरांमधले अंतर 0.2 भरते. यंत्र निव्वळ वस्तुमान मोजत नाही. वस्तुमान भागिले विद्युतभार, हा भागाकार मोजते. कार्बन-12 च्या जागी एक कार्बन-13 आला की रेणू 1.003 डाल्टनने जड होतो. ही एकची पायरी इथे 0.2 ची दिसते, म्हणजे भाजक पाच. रेणूला पाच प्रोटॉन चिकटलेले आहेत. पाचाने गुणा, पाच प्रोटॉनांचे वजन वजा करा, की 5803.64 डाल्टन मिळतात. ज्या इलेक्ट्रोस्प्रे तंत्राने एवढे मोठे रेणू अखंड हवेत उचलता आले, त्यासाठी जॉन फेन यांना 2002 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या तंत्रात रेणूवर अनेक भार बसतात, आणि ते किती हे रांगेतली अंतरेच सांगतात. बाहेरून कोणाला विचारावे लागत नाही.

आता उंची. निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे 1.07 टक्के कार्बन-13 असतो. दर शंभर दाण्यांमागे एक खडा असलेल्या तांदळातून 257 दाण्यांची मूठ भरली, तर मुठीत सरासरी दोन-तीन खडे येणार. एकही खडा नसलेली मूठ विरळा. गंधक, ऑक्सिजन, नायट्रोजन यांचे जड समस्थानिक त्यात आणखी भर घालतात. म्हणून सगळे अणू हलके असलेला इन्शुलिनचा रेणू शंभरात जेमतेम तीन वेळा सापडतो. डावीकडचे बुटके शिखर ते हेच. सर्वांत उंच शिखर त्याच्यापुढे तीन पायऱ्यांवर उभे असते आणि चौथ्या पायरीवरचे त्याच्या खांद्याला खांदा लावून.

रेणू वाढत गेला की ही रांग आपले रूप बदलते. उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडाचे वजन दीड लाख डाल्टनच्या घरात असते आणि त्यात साधारण साडेसहा हजार कार्बन असतात. असे दीडशे किलो शुद्ध प्रतिपिंड समोर ठेवले, तरी त्यात सर्वस्वी हलक्या अणूंचा एकही रेणू असण्याची शक्यता जवळपास शून्य. सिद्धान्ताने ज्याला पहिला मान दिला, ते शिखर इथे कागदावरच उरते. जाणकार अशा वेळी पहिले शिखर शोधत बसत नाहीत. सगळ्या रांगेच्या आकाराशी अपेक्षित आकार जुळवतात. 1995 मध्ये सेन्को, ब्यू आणि मॅकलॅफर्टी यांनी यासाठी ‘अ‍ॅव्हरेजिन’ नावाचा काल्पनिक सरासरी अमिनो आम्ल घटक मांडला. सूत्र माहीत नसले, तरी त्याच्या आधारे कोणत्याही वजनाच्या प्रथिनाची रांग कशी दिसेल याचा अंदाज बांधता येतो. जुळणी एका पायरीने चुकली, तर उत्तरही एका डाल्टनने चुकते.

विभेदनक्षमता आणखी वाढवली की एकसंध वाटलेले शिखरही फुटते. तिसऱ्या शिखरात, म्हणजे दोन पायऱ्यांवर, गंधक-34 असलेले रेणू 1.9958 डाल्टनने जड असतात, तर दोन कार्बन-13 असलेले 2.0067 ने. फरक 0.011 डाल्टनचा. इन्शुलिनमध्ये तो दिसायला विभेदनक्षमता पाच लाखांच्या वर हवी. पण दिसला, की गंधकाच्या शिखराची पहिल्या शिखराशी तुलना करून रेणूतले गंधक मोजता येतात: प्रत्येक अणूमागे सुमारे साडेचार टक्के, सहांचे मिळून सत्तावीस. फ्लोरिडातील टॅलाहासीच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन मार्शल आणि सहकाऱ्यांनी 9.4 टेस्लाच्या चुंबकावर 15.8 किलोडाल्टनच्या प्रथिनापर्यंत अशी बारीक रचना उलगडली आणि 1998 मध्ये प्रसिद्ध केली. त्या प्रथिनातले कार्बन-13 आणि नायट्रोजन-15 त्यांनी मुद्दाम कमी केले होते, कारण गर्दी हटल्याशिवाय गंधक दिसत नव्हता.

रांगेची बिघडलेली चालही बोलकी असते. इन्शुलिनच्या ए साखळीच्या टोकाला, एकविसाव्या जागी, अ‍ॅस्पॅराजिन आहे. औषध आम्लात पडून राहिले की त्याचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल होते आणि रेणू 0.984 डाल्टनने जड होतो. ही वाढ समस्थानिकाच्या पायरीच्या इतकी जवळ आहे की साध्या यंत्रावर नवे शिखर दिसतच नाही. फक्त रांग उजवीकडे झुकते. मूळ आकार डोळ्यांत बसलेला असेल, त्यालाच हा झुकाव खटकतो.

1919 मध्ये केंब्रिजला फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी निऑनमध्ये 20 आणि 22 वजनाचे अणू दाखवले, तेव्हाच कळले होते की कोष्टकातले 20.2 हे वजन एकाही अणूचे नाही. इन्शुलिनचेही तसेच. पहिले शिखर 5803.64, सर्वांत उंच 5806.65, सरासरी 5807.6, तिन्ही आकडे खरे आणि तिन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरे. म्हणून मोठ्या रेणूचे वस्तुमान लिहिणाऱ्याने आकडा कशाचा ते सांगावे आणि जमेल तिथे मूळ रांगही छापावी. विद्युतभार, गंधकाची मोजणी आणि बिघाडाची खूण या तिन्ही गोष्टी रांगेत असतात. एकट्या आकड्यात त्यांतली एकही नसते.