निवड की सक्ती?

कॅनडाच्या मार्गारेट अ‍ॅटवूड यांची ‘द हँडमेड्स टेल’ ही कादंबरी १९८५ साली प्रसिद्ध झाली. तीतील गिलियाडचे राज्य राहेल व बिल्हा यांच्या कथेचा आधार घेऊन स्त्रियांना संततीसाठी राबवते. धर्मग्रंथ मात्र कुलपात, कारण स्त्रियांना वाचनाची बंदी! यहुद्यांना ‘याकोबाचे पुत्र’ म्हणून निवड दिली जाते: धर्म सोडा किंवा इस्राएलला जा. पुढे काही बोटींतील माणसे अटलांटिकमध्येच फेकली गेल्याचे कळते. एवढा भयंकर प्रसंग लेखिकेने चार ओळींत उरकला, ही आमची तक्रार.

भारतात आपला छळ झाला नाही. कोणी इस्राएलला गेले, आम्ही कॅनडात आलो, ते स्वखुशीने. दुसऱ्याने मांडलेल्या दोन वाटांतून एक धरणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे आपल्या मुलांना समजावे म्हणून हे पुस्तक घरी अवश्य असावे.